एका हाताचं शीड

८ ऑक्टोबर

दादा,

पत्राच्या डोक्यावर तीर्थरूप लिहायचं की तीर्थस्वरूप, हे शाळेत ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी खाडीवर होतो. तेव्हा नुसतं दादा. नमस्कार मनात केलाय, तो पोचला असं धर.

फोन तू उचलत नाहीस. वहिनीच्या फोनवर बोललो तर तिच्या चेहऱ्यावरूनच तुला कळतं पलीकडे कोण आहे, आणि तू चपला घालून बाहेर पडतोस. पत्राचं तसं नाही. ते घरात पडून राहतं. आज नाही वाचलंस तर उद्या ताटाशेजारी दिसेल. वहिनीला तसंच ठेवायला सांगितलंय.

मुद्द्याचं आधी. तू म्हणे होडी त्या खाणावळवाल्याला द्यायचं कबूल केलंस. हंगाम संपून वारा पडला की तो ती ओढून अंगणात नेणार, डोलकाठी कापणार, मधोमध टेबल ठोकणार आणि लोक आत बसून जेवणार. बाबा ज्या फळीवर बसून शीड शिवायचे तिथे कोणीतरी खरकटे हात पुसणार. मला राग आला नाही असं लिहिणार होतो. आला.

हाताचंही वहिनीने सांगितलं. उजवा खांद्याच्या वर जात नाही, मूठ आवळत नाही. म्हणजे आपलं मोठं शीड तुला एकट्याला चढत नाही, आणि होडी वळवताना तो आडवा वासा डोलकाठीच्या एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेता येत नाही. मी तिथे असतो तर वासा तुझ्या खांद्यावर पडला नसता, असं धक्क्यावर सगळे म्हणतात. म्हणोत. मी असतो तर आपण भांडत असतो आणि तो दोघांच्याही टाळक्यात बसला असता.

आता माझं ऐक. वारा पडेपर्यंत होडी देऊ नकोस. मी तुला एका हाताने उघडेल आणि मिटेल असं शीड शिवून देतो.

हसलास ना? हस. पण कुठून सुचलं ते वाच. इथल्या शिडांच्या कारखान्यात जमीन लाकडाची, आरशासारखी घासलेली, चपला दाराबाहेर. शिवणयंत्रं जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेली, म्हणजे कापड जमिनीवरून सरकत राहतं आणि शिवणारा कमरेपर्यंत खाली. पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांना अर्धं पुरून ठेवलंय. तर परवा दिवेलागणीला छताच्या खिडकीतून एक वटवाघूळ आत आलं आणि पसरलेल्या कापडात अडकलं. सगळे पळाले. मी जाड हातमोजे घालून ते उचललं. इथे शिडांचे आराखडे काढणारी एक बाई आहे, शिकलेली, पण तोऱ्यातली नाही. तिने दोन बोटांनी त्याचा पंख हळूच उघडला.

"हा पंख नाही, हात आहे," ती म्हणाली. "बोटं तेवढी लांब झालीत."

खरंच हात होता, दादा. वर अंगठा, त्याला नख. खाली चार लांब बोटं आणि बोटांमध्ये कातडं. तिने सोडलं तसा तो हात मिटला. मूठ मिटते तेवढ्या वेळात. पक्ष्यांनी हात देऊन पिसं घेतली, या गड्याने हात ठेवला.

तुझं शीड तसं होणार. कापडात बांबूच्या कांबी, हाताच्या बोटांसारख्या, सगळ्या एका मनगटात आलेल्या. एक दोर ओढला की पंजा उघडला, सोडला की मिटला. वासा नाही, त्याला या बाजूचा त्या बाजूला न्यायला दुसरा माणूस नाही.

उत्तर पाठवू नकोस, पाठवणार नाहीसच. फक्त थांब.

भिंगरी
(नाव तूच ठेवलंस, सही त्याचीच.)


२७ ऑक्टोबर

दादा,

मापाची दोरी मिळाली.

मी वहिनीकडे मागितली होती, कारण तुझ्याकडे मागितली असती तर तू तिने चूल पेटवली असतीस. बाबांनी जन्मात कधी पट्टी धरली नाही. प्रत्येक होडीची एक दोरी, तिच्यावर गाठी. डोलकाठीची एक, रुंदीची एक, सुकाणूपासूनच्या अंतराची एक. इथे बाईच्या संगणकात सगळं आकड्यांत असतं. मी दोरी जमिनीवर पसरली तेव्हा ती खाली बसून एकेक गाठ चाचपत गेली. मग म्हणाली, "हिच्यात चूक करायची म्हटली तरी जागा नाही."

वहिनी म्हणते गाठी तिने मारल्या. बरं. पण तिच्या गाठी मला माहीत आहेत. आणि या गाठी सगळ्या उलट्या फिरल्यात, जशा डाव्या हाताने मारल्या की फिरतात. मी काही म्हणत नाही.

एक गाठ मात्र जास्तीची पडली होती, डोलकाठीच्या बुंध्यापासून थोड्या उंचीवर. तिथे मोजण्यासारखं आपल्या होडीत काही नाही. डावा हात नवा, पडली असेल चुकून. मी ती सोडून दोरी सरळ केली.

काम चालू आहे. कारखान्यामागच्या जुन्या गोदामाखाली एक मेलेलं वटवाघूळ सापडलं. त्याचा पंख फळीवर टाचण्यांनी ताणून बसवला आणि माप घेतलं. आधी छोटं शीड शिवतोय, इथल्या सरावाच्या होडीवर लावायला. बाबांचं वाक्य समोर ठेवूनच शिवतोय: सुरकुती म्हणजे शिवणाऱ्याला शिवी. ढोलाला ताण असतो तसं कापड ताणलंय. बघशील तर तुझंही तोंड बंद होईल. म्हणजे ते बंदच आहे, पण वेगळ्या कारणाने होईल.

आपलं भांडण याच्यावरूनच झालं होतं ना? मला शिडाच्या कडेला जरा कात्री लावायची होती आणि तू म्हणालास, बाबांच्या मापाला हात लावायचा तर या घरातून चालता हो. मी झालो. आता बघ, शेंडी तुटो की पारंबी.

भिंगरी


१९ नोव्हेंबर

दादा,

सरावाची होडी उलटली. मी थोडं पाणी प्यायलो, बाकी ठीक.

वहिनीला फोनवर हे सांगू नको म्हणालो होतो, तिने सांगितलं असणार. म्हणून मीच नीट लिहितो. शीड उघडलं सुरेख. मिटलंही. पण उघडलं की फळीसारखं. वारा पोटात घेईना. होडी जागच्या जागी डुलत बसली, आणि काठावर मुकादम हाताची घडी घालून. मग एक झोत आला. साधं शीड असतं तर त्याची कड झुकून वारा सांडला असता. माझ्या कांबी बुंध्याशी जेवढ्या जाड तेवढ्याच टोकाशी. काही झुकेना. अख्खी होडी झुकली.

मुकादम म्हणाला, "वटवाघूळच ते. उलटंच व्हायचं."

सगळे हसले. मीही हसलो, नाकातून पाणी काढत. ती होडी विचारून घेतली होती का, हा प्रश्न मग निघाला. सध्या मी शिवणखात्यात नाही, बांधणीत आहे. शिडं गुंडाळायची, पिशव्यांत भरायची. हवा चांगली आहे तिकडे.

पण चूक सापडली. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी गोदामामागे उभा राहतो. वटवाघळं निघतात तेव्हा नीट बघायचं म्हणून. इतक्या चपळ गोष्टीतलं डोळ्याला काय दिसणार? बाईला सांगितलं. तिने तिच्या संगणकावर उडत्या वटवाघळाचं चित्रण अगदी सावकाश करून दाखवलं. दादा, त्याचं कातडं ताणलेलं नसतंच. सैल असतं. पंख अर्धा मिटला की सुरकुत्याच सुरकुत्या, धुतलेला सदरा पिळल्यासारखा. उघडला आणि हवा भरली की सुरकुत्या जातात आणि पोट येतं. बोटं टोकाकडे बारीक होत जातात आणि प्रत्येक फटक्याला वाकतात. आणि दोन बोटांमधली कड सरळ नाही. आत गेलेली, चंद्रकोरीच्या आतल्या कडेसारखी. म्हणून ती फडफडत नाही.

मी मेलेल्याचं माप घेतलं आणि जिवंत होडीसाठी शिवलं. टाचण्या मारून ताणलेल्या कातड्यात सैलपणा दिसणार कुठून? आणि आपण बाबांची पोरं. आपल्याला सुरकुती दिसली की हात आपोआप कापड ताणायला जातात.

दुसरं शिवतोय. तुझ्या होडीच्या मापाचंच, थेट. सैल.

भिंगरी


१४ डिसेंबर

दादा,

यापुढे कारखान्याच्या पत्त्यावर काही पाठवू नकोस. खोलीचा पत्ता पाकिटामागे आहे. तू काही पाठवत नाहीस हे मला माहीत आहे. सांगून ठेवलं.

झालं असं. उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे बाईने मला घेऊ दिले, आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते मोठ्या जमिनीवर जुळवायला बसायचो. बाबांच्या नियमाविरुद्ध, मुद्दाम सैल. तुला सांगतो, हाताला नाही म्हणायला शिकवणं फार अवघड. एक दिवस शिवणारे सगळे गोल करून उभे राहिले. एकाने विचारलं, इस्त्री करून देऊ का? दुसरा म्हणाला, पोराला रात्री अंथरुणात शिवायची सवय दिसते. मुकादम आला. त्याने पायाच्या अंगठ्याने कापड सरकवलं.

"हे उचल. माझ्या जमिनीवर असलं काम कोणी बघितलं तर गिऱ्हाईक परत फिरेल."

मी म्हणालो, हे गिऱ्हाइकासाठी नाही. तो म्हणाला, मग इथे कशाला? बरोबरच बोलला, दादा. त्याच्या जागी तू असतास तर पायाने नाही, कात्रीने सरकवलं असतंस. मी उचललं आणि स्वतःलाही उचललं. बाई दारापर्यंत आली. तिने कांबींच्या टोकांची जाडी कागदावर लिहून दिली आणि म्हणाली, "टोकाकडे मोडेल म्हणून घाबरशील. तरी अजून थोडं तास."

आता सकाळी बंदरावर माल चढवतो, दुपारनंतर शिवतो. खोलीत माझ्यासोबत एक गवंडी राहतो. खोली एवढीशी की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला सांगावं लागतं. शीड खोलीच्या तिप्पट. म्हणून मी ते एक एक बोट करून शिवतो. एका बोटाचं कापड शिवलं की घडी घालून कोपऱ्यात, मग पुढचं. पहिले दोन दिवस गवंडी ढिगावरून पाय टाकत ये-जा करत राहिला. तिसऱ्या दिवशी कापडाच्या ढिगातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "वाघळाच्या घरी वाघूळ पाहुणा, तूही लटक, मीही लटक." आता तो दाभणात दोरा ओवून देतो. त्याची नजर चांगली. माझे हात चांगले. दोघांत मिळून एक बरा शिवणारा होतो.

बांबू रंध्याने तासतोय. प्रत्येक कांब गुडघ्यावर वाकवून बघतो, टोक झुकलं पाहिजे, बुंधा नाही. दोन मोडल्या. मोडल्या की कळतं कुठे थांबायचं होतं.

कारखाना सोडल्याचं वहिनीला सांगू नकोस. ती मला लाडू-बिडू पाठवत बसेल. तुला सांगितलं कारण तू कोणालाच काही सांगत नाहीस.

भिंगरी


११ जानेवारी

दादा,

शीड झालं. आज पाठवलं. पण त्याआधी एक लिहायचंय.

शेवटचं काम दोरांचं होतं. दोर डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून खाली येतो, आणि तो खाली ओढायचा, जसा सगळ्या होड्यांवर ओढतात. मी उजवा हात कमरेला बांधला आणि दाराच्या चौकटीवर कप्पी ठोकून ओढून बघत होतो. गवंडी खाटेवर बसून माझ्याकडे बघत होता.

"तुझ्या भावाचा हात किती वर जातो?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, खांद्यापर्यंत. तो म्हणाला, खांदा किती उंच? मी हाताने दाखवायला गेलो, आणि दाखवताना थांबलो.

दोरी भिंतीवर खिळ्याला होती. मी सोडलेल्या गाठीची जागा अजून कळत होती, तिथे सूत दबलेलं होतं. दोरीचं टोक पायाखाली धरून दोरी अंगाला लावली. दबलेलं सूत माझ्या खांद्याच्या जरा खाली आलं. आपण दोघे एका उंचीचे आहोत.

चुकून पडलेली नव्हती. कोणी विचारलं नव्हतं ते माप तू दिलं होतंस. दोरीवर गाठ मारून उजवा हात कुठपर्यंत जातो ते सांगितलंस, आणि मी ती वाचली नाही, सोडली. आता ती परत मारलीय. तुझ्यासारखी उलटीच.

सगळे दोर पुन्हा केले. आता दोर डोलकाठीच्या टोकावरून खाली बुंध्यापाशी दुसऱ्या कप्पीत जातो आणि तिथून तुझ्याकडे येतो. वरून खाली ओढायचाच नाही, डावा ओढेल तेव्हा उजव्याला दोर नुसता दाबून धरता आला पाहिजे. बसल्या जागी, खालून वर, विहिरीतून बादली काढतात तसा. मनगट, कप्प्या, दोर अडकवायची खुंटी, सगळं त्या गाठीच्या खाली. गाठीच्या वर तुझ्या हाताला एकही काम ठेवलेलं नाही.

शीड उघडशील तेव्हा रंगाला हसू नकोस, उरलेलं कापड ते. पहिलं बोट पांढरं, मग तांबडं, मग आकाशी. शेवटच्या बोटाला कापड कमी पडलं, तिथे गवंड्याची चादर आहे. तो म्हणतो, पंखाखाली झोपून झोपून तसाही कंटाळलो होतो.

मिटलेलं असताना सुरकुत्या दिसतील. चिक्कार. तुझे हात ताणायला जातील. जाऊ देऊ नकोस.

आणि खरं सांगायचं तर मी ते पूर्ण उघडलेलं पाहिलेलं नाही. खोलीत मावत नाही आणि रस्त्यावर डोलकाठी नाही. बोट बोट पाहिलंय, पंजा नाही. तुझ्याच डोलकाठीवर ते पहिल्यांदा उघडेल. झोत आला तर टोकं झुकतील आणि वारा सांडेल, असं माझे गुडघे सांगतात. काठाजवळ लावून बघ, वहिनीला आत घेऊ नकोस, आणि नाही जमलं तर होडी खाणावळवाल्याला दे. मी पुन्हा काही म्हणणार नाही. हे मात्र खोटं आहे. म्हणेन.

भिंगरी


९ फेब्रुवारी

दादा,

काल वहिनीचा फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला. ती धक्क्यावर उभी राहून बोलत होती.

म्हणाली, गाठोडं आलं त्या दिवशी तू ते ओसरीवर तसंच ठेवलंस. दुसऱ्या दिवशी सोडलंस, सुरकुत्या बघितल्यास, बाबांचं नाव घेतलंस आणि परत बांधलंस. मग रोज सोडायचास आणि बांधायचास. परवा सकाळी ती उठली तर ओसरी रिकामी. धावत धक्क्यावर गेली तर तू आधीच पाण्यात, एकटा. पांढरं, तांबडं, आकाशी, आणि सगळ्यांत खाली चौकड्यांची चादर. लोक दात काढत होते. मग खाडीच्या तोंडाशी झोत आला, त्या बाजूच्या दोन होड्या आडव्या झाल्या, आणि आपल्या शिडाची टोकं, ती म्हणाली, "नमस्कार केल्यासारखी वाकली आणि परत सरळ झाली." मग तुझ्या वळणावर कोणी दात काढले नाहीत.

पुढचं तर भारीच. तू म्हणे खाणावळीच्या समोरून गेलास. तो दारात उभा होता. तू त्याच्यासमोर शीड मिटलंस, उघडलंस, परत मिटलंस, परत उघडलंस, आणि पुढे निघून गेलास. त्याने संध्याकाळी निरोप पाठवला की टेबलं अंगणातच बरी.

मी वहिनीला विचारलं, दादा काय म्हणाला? ती म्हणाली, काही नाही. मी म्हणालो, काहीतरी म्हणाला असेल. मग ती हसली. तू जेवताना माझं शेवटचं पत्र ताटाखालून काढलंस म्हणे, आणि भाताकडे बघत म्हणालास:

"त्याला सांग, तिसरं बोट जड आहे. येऊन तासून दे."

दादा, तिसरं बोट जड नाही. मी ते सगळ्यांपेक्षा जास्त गुडघ्यावर वाकवलंय. तूच दोर गरजेपेक्षा ओढतोस, जुन्या शिडाची सवय. पण हे पत्रात भांडायचं नाही, समोरासमोर भांडू. बंदरावरचं काम परवा संपतं. रंधा बांधलाय. गवंड्याला नवी चादर घेऊन दिली, तर तो म्हणतो आता खोली फार मोठी वाटते. बाई भेटली होती, तिला शिडाचं सांगितलं. तिने दोरी परत एकदा मागितली, बघायला. मी म्हणालो, ती आता माझी नाही, होडीची आहे, घरच्या खिळ्याला जाईल.

राहीन किती ते आत्ता विचारू नकोस, भिंगरी एका जागी किती फिरते तुला माहीत आहे. पण बोट तासल्याशिवाय आणि तू चुकलास हे कबूल केल्याशिवाय निघणार नाही.

शनिवारच्या सकाळच्या फेरीबोटीने येतोय. ती खाडीच्या तोंडातून आत वळते तिथे मी कठड्याला उभा असेन. तू पाण्यात असशील तर मला बघून हात वर करायला जाऊ नकोस.

शीड वर कर. मला ते बघायचंय.

भिंगरी